आमचा वकील गेला. शोकसभेत त्याच्याबद्दल किती सांगावं?

चौथा_बाक

मंडळी, गेल्या महिन्यात माझा मित्र अचानक गेला. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे तो वकिलीत गेला, मी नोकरीत. २२ वर्षं माझा प्रत्येक कागद त्याच्या हाताखालून गेला. घराचा दस्त, वडिलांच्या मागची वारसनोंद, आणि मधली ७ वर्षं माझा नि माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा वाटपाचा दावा. तो दावा शेवटी लोकअदालतीत मिटला. आज आम्ही भाऊ एकमेकांच्या घरी जातो-येतो, ते केवळ त्याच्यामुळे.

बारच्या, म्हणजे वकील संघाच्या लोकांनी शोकसभा ठेवली आहे. अशिलांपैकी कुणीतरी बोलावं म्हणून मला पाच मिनिटं दिली आहेत. चार दिवस झाले, कागदावर एक ओळ उतरत नाही. 'मनमिळाऊ होता, हुशार होता' हे सगळेच म्हणतील आणि ते खरंही आहे. पण तो काय चीज होता हे दाखवणारी जी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, ती माझ्याच दाव्यातली आहे. ती त्याने स्वतःच्या बायकोलाही कधी सांगितली नाही. त्याने इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी माईकवर सांगावं का? सभेला भाऊही असणार आहे.

दुसरी अडचण रोखठोक आहे. माझा एक वहिवाटीचा दावा अजून चालू आहे. फाइल त्याच्या ऑफिसात, तारीख तीन आठवड्यांवर. पण त्याच्या बायकोला, वहिनींना, फोन करून 'माझी फाइल द्या' म्हणायला जीभ रेटत नाही. काय करू?

पाणवठा

वाईट वाटलं. माणूस आणि आधार दोन्ही एकदम जातात तेव्हा नेमकं कशासाठी रडतोय तेच कळत नाही. सावकाश लिहा.

शिरस्ता

मी स्वतः वकिली करतो, म्हणून आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो. दुःख थांबतं, तारीख थांबत नाही.

वकील गेला की त्याचं वकीलपत्र, म्हणजे तुमच्या वतीने कोर्टात उभं राहण्याचा लेखी अधिकार, आपोआप संपतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३, नियम ४ मध्येच ते आहे. वकीलपत्रावर त्यांच्याबरोबर दुसऱ्या वकिलाचीही सही असेल तर त्या वकिलाचा अधिकार मात्र चालू राहतो, म्हणून आधी ते पाहा. नसेल तर नवीन वकील नेमा आणि नवीन वकीलपत्र दाखल करा. एरवी वकील बदलताना जुन्या वकिलाची 'ना हरकत' घेण्याची रीत आहे, इथे तो प्रश्नच येत नाही. तेवढ्यात वकील मिळाला नाही तर तारखेला स्वतः हजर राहा आणि वकील वारल्याचं कोर्टाला सांगून मुदत मागा. अशा कारणासाठी कोर्ट सहसा मुदत नाकारत नाही. गैरहजर मात्र राहू नका. दावा गैरहजेरीत निकाली निघाला तर तो पुन्हा नंबरावर घेण्याच्या, म्हणजे पुन्हा सुरू करण्याच्या अर्जाला फक्त ३० दिवस असतात.

तारीख कुणाला विचारत बसायचीही गरज नाही. तुमच्या दाव्याचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाका, पुढची तारीख आणि काम कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसेल.

फाइल तुमची आहे. वकिलाला फी येणं असली तरी अशिलाची फाइल अडवून धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केलं आहे. वहिनींना फोन करायचा नसेल तर आधी त्यांच्या ज्युनियरला किंवा कारकुनाला करा. मूळ कागद कोणते मिळाले त्याची यादी करा आणि पोचपावती स्वतःहून लिहून द्या. ती त्यांच्याही घरच्यांना उपयोगी पडते.

सावली

@चौथा_बाक दादा, मी पलीकडच्या बाजूने सांगते. माझे बाबा वकील होते, दोन वर्षांपूर्वी गेले. पहिल्या महिन्यात अशिलांचे किती फोन आले ते मोजलं नाही, पण आईने एकही चुकवला नाही. आम्हाला फाइल मागितल्याचा राग कधीच आला नाही. राग एकदाच आला, जेव्हा एक गृहस्थ बाबांबद्दल एक शब्द न बोलता दारातच म्हणाले, 'सात-बारा मूळ आहे ना त्यात?' तेवढं सोडलं तर फाइल न्यायला येणारा प्रत्येक माणूस बाबांची एक तरी आठवण ठेवून गेला. आई म्हणायची, फाइली जड होत्या पण त्या द्यायला बरं वाटत होतं.

कपाट आवरायला आम्हाला अडीच महिने लागले. प्रत्येक फाइलच्या पुठ्ठ्यावर बाबांच्या अक्षरात तारखा एकाखाली एक, पेन्सिलीने. झालेल्या तारखेवर आडवी रेघ. ३४ फाइलींवर शेवटच्या तारखेवर रेघ नव्हती. मी त्या तारखा एका वहीत उतरवल्या आणि ज्युनियरदादाला दिल्या. त्याने एकही तारीख चुकू दिली नाही. तेव्हा तुम्ही बिनधास्त फोन करा. कदाचित वहिनीच तुमची फाइल बाजूला काढून बसल्या असतील.

परखड

सर्वांच्या भावना समजतात, तरी वेगळं मत मांडतो. वकील आणि मित्र एकच असू नये.

माझाही मित्रच वकील होता. खालच्या कोर्टात निकाल विरोधात गेला. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवसांची मुदत असते, हे मला आज माहीत आहे. तेव्हा तो 'करतो रे' म्हणायचा आणि मी पुन्हा विचारायचो नाही, कारण मित्राला किती वेळा विचारायचं? पाच महिने गेले. मग विलंब माफीचा अर्ज, त्यावर वर्षभर वाद, आणि अर्ज नामंजूर. अपील उभंच राहिलं नाही. दुसरा कुणी वकील असता तर मी आठव्या दिवशी त्याच्या टेबलासमोर जाऊन बसलो असतो. दावा गेला आणि मित्रही गेला. तो जिवंत आहे, पण आम्ही बोलत नाही.

चौथा_बाक

@परखड, तुमचं दुःख मी खोडून काढत नाही. आमच्यातही हे होऊ शकलं असतं. पण त्याने पहिल्याच दिवशी माझ्याकडून फी घेतली. मला राग आला होता, 'आपल्यात कसली फी?' म्हणालो. तो म्हणाला, 'फुकट केलं तर तू मला जाब विचारणार नाहीस. आणि जाब विचारणारा अशील नसला की वकील ढिला पडतो.' प्रत्येक तारखेनंतर त्याचा मेसेज यायचा: काय झालं, का तहकूब झालं, पुढे काय. कामाचं बोलणं ऑफिसात, एरवी एक शब्द नाही. सहलीला गेलो असताना मी दाव्याचा विषय काढला तर म्हणाला, 'सोमवारी अकराला ये.'

@सावली ताई, तुमचं वाचून आत्ता फोन केला. पुढे लिहितो, थोडा वेळ द्या.

परखड

फी घेतली हे फार बरोबर केलं त्यांनी. माझ्या मित्राने कधी घेतली नाही. हे मी असं कधी पाहिलंच नव्हतं.

उंबरठा

माझ्या वकीलबाई गेल्या त्याला सहा वर्षं झाली. मैत्रीण म्हणावं इतकं वय जुळत नव्हतं, त्या माझ्या आईच्या वयाच्या. विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळाल्या होत्या. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: १९८७ च्या कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो.

फुकटचा वकील म्हणजे कसातरी असेल असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. माझ्या उलटतपासाच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी मला समोर बसवलं आणि दोन तास स्वतःच विरुद्ध बाजूचे वकील झाल्या. मी रडले. त्यांनी पाणी दिलं, थांबल्या आणि पुन्हा सुरू केलं. म्हणाल्या, 'आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. पण माझ्याकडे बघून उत्तर देऊ नकोस, न्यायाधीशांकडे बघून दे.' दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. मला आजही ऑफिसात कुणी अंगावर आलं की मी आधी पाठ ताठ करते. ती त्या संध्याकाळची सवय.

त्यांच्या शोकसभेला मला कुणी बोलावलं नाही, मी कोण होते? नंतर कळलं तेव्हा फार हळहळले. दादा, तुम्हाला पाच मिनिटं मिळाली आहेत. सांगा जे सांगायचं ते.

गोगलगाय

जरा विषयांतर, माफ करा. वडिलांच्या मृत्युपत्रावर आमच्या वकीलकाकांची साक्षीदार म्हणून सही आहे. काका मागच्या वर्षी गेले. वडीलही आता नाहीत. आता ते मृत्युपत्र बाद होतं का? घरात सगळे घाबरलेत.

शिरस्ता

@गोगलगाय, बाद होत नाही. भारतीय वारसा कायदा १९२५, कलम ६३ प्रमाणे सही होताना किमान दोन साक्षीदार लागतात. ते होते, विषय संपला. नंतर कोर्टात शाबित करायची वेळ आली तर हयात असलेल्यांपैकी एका साक्षीदाराची साक्ष पुरते. दोघंही नसतील तर निदान एका साक्षीदाराचं अक्षर आणि मृत्युपत्र करणाऱ्याची सही ओळखणारा माणूस आणून शाबित करता येतं. काकांच्या सहीचे दुसरे कागद जपून ठेवा आणि दुसरे साक्षीदार कुठे असतात ते आजच विचारून ठेवा.

गोगलगाय

खूप आभार. दुसरे साक्षीदार आत्याचे यजमान आहेत, ठणठणीत आहेत. आजच घरी सांगतो.

पिंपळपान

गांधीजींची एक गोष्ट आठवली. १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेला गेले ते दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी. समोरचे तय्यब शेठ त्यांचे नातलगच. दोघंही खर्चाने बुडतील हे ओळखून गांधीजींनी लवादासाठी दोन्हीकडे मन वळवलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला, पण रक्कम सुमारे ३७,००० पौंड! एकदम भरायची म्हटलं तर तय्यब शेठचं दिवाळं निघालं असतं. मग गांधीजींनी स्वतःच्या अशिलाला पटवून हप्ते बांधून दिले. जिंकलेल्या माणसाला थांब म्हणणं किती अवघड असेल बघा. चौथा_बाक यांच्या मित्राबद्दल वाचताना हेच डोक्यात घोळत होतं.

निळी_शाई

मूळ प्रश्नाकडे या ना कुणीतरी. सांगावं की नाही? माझ्या मते नाही. वकिलाला सांगितलेलं तिथेच राहावं. त्यांनी बायकोला सांगितलं नाही त्याला कारण असेल. ते गेले म्हणून ते कारण गेलं का?

शिरस्ता

कायद्यापुरतं सांगतो. गुप्ततेचं बंधन वकिलावर असतं आणि काम संपल्यावरही ते सुटत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२. पण ते संरक्षण अशिलासाठी आहे. अशिलाने संमती दिली तर वकीलही बोलू शकतो. म्हणजे दादांनी स्वतःची गोष्ट सांगायला कायद्याची आडकाठी नाही. मित्राला ती सांगायची मुभा नव्हती, यांना आहे. भावाचं काय, हा कायद्याचा प्रश्न नाही.

आणि वकील म्हणून एक सांगू? आमचं चांगलं काम बहुतेक वेळा कुठेच दिसत नाही. जिंकलेला दावा दिसतो. न केलेला दावा, न पाठवलेली नोटीस, हे कुणाला दिसणार? ते फक्त अशिलाला ठाऊक असतं. तो बोलला नाही तर ते आमच्याबरोबरच जातं.

चौथा_बाक

@शिरस्ता, तुमच्या शेवटच्या चार ओळी मी किती वेळा वाचल्या. तुम्ही न सांगता नेमकं तेच बोललात. आता इथे लिहूनच टाकतो.

दाव्याचा मसुदा करताना मी रागाने पेटलो होतो. वडिलांच्या एका कागदावरची सही भावाने खोटी केली, असं एक वाक्य मला हवं होतं. मित्र लिहीत होता. थांबला. म्हणाला, 'तुला खात्री आहे?' मी गप्प. पुन्हा म्हणाला, 'दाव्याखाली पडताळणी असते. हे सगळं माझ्या माहितीप्रमाणे खरं आहे, असं लिहून त्याखाली सही तुझी असते. माझी नाही. बोल, खरं आहे?' मला माहीत होतं की सही वडिलांचीच आहे. मी समोर होतो ती सही झाली तेव्हा. मी म्हणालो, 'तू लिही, सही मी करतो.'

त्याने पेनाला टोपण लावलं. मसुदा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, 'हे वाक्य माझ्या हातून जाणार नाही. दुसरा वकील बघ हवा तर, कागद आत्ता देतो.' मी कागद घेतले आणि निघालो. दोन महिने त्याचं तोंड पाहिलं नाही. मग एक दिवस स्वतःच परत गेलो. तो काही बोलला नाही. त्याच पानापासून पुढे लिहायला लागला. माझ्या पानभर आरोपांतली सगळी विशेषणं त्याने पेन्सिलीने खोडली होती. तारखा तेवढ्या ठेवल्या होत्या.

ते वाक्य दाव्यात गेलं असतं तर भाऊ लोकअदालतीच्या टेबलावर माझ्या शेजारी कधीच बसला नसता. आणि बसला नसता तेच बरोबर झालं असतं. भावाला आजपर्यंत यातलं काही माहीत नाही.

उंबरठा

वाचून डोळे भरून आले. पण दादा, हे भावाला सभेत कळायला नको. आधी घरी सांगा.

निळी_शाई

मी माझं मत अर्धं मागे घेते. सांगा, पण उंबरठाताई म्हणतात तसं. भरल्या सभेत ऐकायला मिळालं तर त्यांना रागावायलाही जागा राहणार नाही.

परखड

सहमत. आणि भाऊ नको म्हणाले तर सांगू नका. मग विशेषणं खोडल्याचं तेवढं सांगा, त्यातही माणूस दिसतो.

सावली

फाइलीचं काय झालं दादा?

चौथा_बाक

ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. वहिनी म्हणाल्या, 'तुमची कधीच काढून ठेवली आहे, कधी येताय एवढीच वाट बघत होते.' गेलो. टेबलावर फाइल, पांढरी नाडी बांधलेली, गाठ त्याचीच. मला ती तिथे सोडवेना, तशीच घरी आणली. पुठ्ठ्यावर तारखा त्याच्या अक्षरात, फक्त शेवटची ज्युनियरच्या अक्षरात. ज्युनियर पोरगी हुशार आहे. वकीलपत्र तिलाच देतोय. मूळ कागदांची यादी करून पोच लिहून दिली. @शिरस्ता, आभार.

भावाकडे उद्या जातो.

पाणवठा

जा. आम्ही सगळे आहोत इथे.

चौथा_बाक

काल सभा झाली. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

भावाला मी आदल्या रविवारी सगळं सांगितलं. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग एकच विचारलं, 'त्याने अडवलं नसतं तर तू केली असतीस सही?' मी म्हणालो, 'हो, केली असती.' तो उठून आत गेला. मीही निघून आलो. दोन दिवस काही नाही. बुधवारी रात्री फोन: 'बोल तू सभेत. माझं नाव घेऊ नकोस.' एवढंच. आवाज जड होता. आमच्यात काही तुटलंय का, ते अजून कळत नाही. पण सभेला आला, शेवटच्या रांगेत बसला.

मी नाव न घेता सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. पेनाला टोपण लावल्याचं सांगताना आवाज गेला, तसाच थांबलो, मग पूर्ण केलं. खाली ज्येष्ठ वकील बसले होते, त्यातल्या एकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून हातात धरला होता.

नंतर वहिनी बाजूला घेऊन म्हणाल्या, 'ते कुठले दोन महिने?' मी साल-महिना सांगितला. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, 'तेव्हा फोन वाजला की हातातलं टाकून नाव बघायला जायचे. कुणाचा येणार आहे विचारलं तर म्हणायचे, कुणाचा नाही. आज कळलं.'

मंगळवारी तारीख आहे. फाइलची नाडी अजून सोडलेली नाही. ज्युनियर म्हणाली, काका, तुम्हीच सोडा.